हुकूम आणि शिरस्ता

डिचोली व पेडणे हे गोव्यातील महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली गेले, तेव्हा तेथील रूढींना हात लागणार नाही असे अभय रयतेला मिळाले होते. पुढे या नव्या काबिजादींतील चालीरीतींची संहिता सिद्ध झाली आणि 1861 साली सरकारी छापखान्यातून निघालेल्या तिच्या आवृत्तीत पोर्तुगीज मजकुराच्या जोडीला मराठी भाषांतरही होते. विखुरलेला आचार कलमांत बसवणे हे केवळ लेखनिकाचे काम नव्हे. मांडणी कितीही पालटली तरी पेडण्याच्या कुटुंबाला वारशाच्या तंट्यात पूर्वीचाच निवाडा मिळाला पाहिजे, ही त्या कामाची खरी कसोटी होय.

वर्तन न बदलता प्रोग्रॅमची अंतर्गत मांडणी बदलणे, म्हणजे संगणकशास्त्रात ज्याला रिफॅक्टरिंग म्हणतात, त्याची कसोटीही हीच आहे. 1991 साली नेक्स्ट कंपनीत अवाडिस टेव्हेनियन यांनी लिहिलेला ‘एफएसएक्स’ हा प्रोग्रॅम घ्या. एकाच फाइलीवर तो यदृच्छेने लेखन, वाचन आणि काटछाट करीत राहतो, फाइलीत काय असायला हवे याची स्वतंत्र प्रत स्मृतीत जपतो, आणि वाचलेला प्रत्येक मजकूर त्या प्रतीशी ताडून फाइली सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा, म्हणजे फाइलसिस्टमचा, खोटेपणा उघड करतो. क्रियांचा क्रम एका बीजसंख्येवरून ठरतो, म्हणून बीज तेच ठेवले की सापडलेला दोष पुन्हा बोलावता येतो. ही बीजसंख्या, क्रियांची संख्या, फाइलीची कमाल लांबी इत्यादी हुकूम कमांड लाइनवर एकाक्षरी खुणांनी दिले जात. कालांतराने क्रिया नोंदवून ठेवण्यासाठी व त्या पुन्हा घडवण्यासाठी लांब नावांचे पर्यायही आले. असा भार वाढत गेला, की हुकूम वाचणाऱ्या भागाची फेरमांडणी करावी असे कोणाही नीटनेटक्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु तेथेच घात होतो. बीजसंख्या मुळीच दिली नाही तर हा प्रोग्रॅम ती 1 धरतो. शून्य दिले तर घड्याळ आणि प्रोसेसचा क्रमांक यांवरून स्वतः नवी ठरवतो. सुबकतेच्या भरात ‘न दिलेले’ आणि ‘शून्य’ एकाच कप्प्यात टाकून दोन्हींना 1 धरले, तर कोठेही तक्रार उमटत नाही. मात्र रोज नव्या वाटेने होणारी तपासणी त्याच वाटेवर घुटमळू लागते. इतर प्रोग्रॅमने हुकूम चुकीचा वाचला तर नुकसान डोळ्यांना दिसते. परीक्षकाने चुकीचा वाचला तर न झालेल्या परीक्षेचा ‘सर्व ठीक’ असा दाखला मिळतो, आणि मला हा प्रकार फार गंभीर वाटतो. गोव्यातील जमिनींच्या नोंदींचे एक-चौदाचे उतारेसुद्धा आता संगणकावरच्या दफ्तरात असताना त्या दफ्तराखालच्या जमिनीची, म्हणजे फाइलसिस्टमची, परीक्षा खोटी ठरणे कोणालाच परवडणारे नाही.

म्हणून जुना कोड हलवण्यापूर्वी प्रत्येक पर्यायाला योग्य, अयोग्य, शून्य व अनुपस्थित अशी मूल्ये देऊन त्याची उत्तरे नोंदवून घ्यावीत. मदतीचा मजकूर वाचून भागत नाही, कारण शिरस्ता पुष्कळदा त्यात लिहिलेलाच नसतो. एफएसएक्स आरंभीच आपली बीजसंख्या छापतो. आपण प्रत्येक हुकुमाचा कोणता अर्थ लावला हेही त्याने तसेच छापावे. म्हणजे मध्यरात्री फसलेली तपासणी सकाळी दुसऱ्या यंत्रावर बरहुकूम पुन्हा चालवता येईल.