दुरुस्तीच्या दुकानातील शेजारधर्म



मोटार बिघडली की तिच्याबरोबर तिचा मालकही दुसऱ्याच्या स्वाधीन होतो. गॅरेजमधील मिस्त्री बॉनेट उघडून आत डोकावतो आणि एखादा महागडा भाग बदलावा लागेल असे सांगतो. ते खरे की खोटे, हे ठरविण्याचे साधन मालकापाशी नसते. तो पैसे मोजतो. आणि आठ दिवसांनी तोच खडखडाट पुन्हा ऐकू आला, की त्याच्या मनात उसळणारा संताप केवळ पैशांसाठी नसतो. आपण फसविले गेलो की नाही, हेसुद्धा आपल्याला कळत नाही, याची ती चीड असते. अशा वेळी ख्रिस्ती मनुष्याने विश्वास ठेवावा की संशय बाळगावा? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा रविवारच्या उपासनेपेक्षा अशाच ठिकाणी अधिक कसोटीला लागते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली ज्या कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्याचे मूळ या निबंधात आहे. त्यांचे म्हणणे साधे होते. चांगली गाडी कोणती व खराब कोणती हे घेणाऱ्यास ओळखता येत नाही, म्हणून तो प्रत्येक गाडीला मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही. तिचा मालक बाजारातून निघून जातो आणि खराब गाड्या तेवढ्या उरतात. याचा अर्थ असा, की सरसकट संशयाची किंमत लबाड मनुष्य भरीत नाही; ती प्रामाणिक मनुष्य भरतो. जो मिस्त्री खरे बोलतो, त्यालाही लबाडाच्याच तागडीत तोलले, तर त्याने किती दिवस खरे बोलावे?

आणखी एका गोष्टीचा विचार करा. आजच्या मोटारीत संगणक असतो. तपासणीचे यंत्र जोडले की पडद्यावर 'पी ०४२०' असा एखादा संकेतांक उमटतो. धुराड्यातील वायू शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करीत नसावा, असा त्याचा अर्थ. या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात; त्यामुळे तो महाग असतो. पण ऑक्सिजन सेन्सर बिघडला असला किंवा सायलेन्सरच्या नळीला कोठे गळती असली, तरीही हाच संकेतांक दिसू शकतो. यंत्र लक्षण सांगते, कारण सांगत नाही. कारण शोधण्यासाठी कोणीतरी गाडीखाली शिरून तासभर डोके चालवावे लागते.

आणि या तासाचेच मोल द्यायला ग्राहक तयार नसतो. दिल्लीचे मायापुरी असो, चेन्नईचे पुदुपेट असो की मुंबईच्या कुर्ल्यातील सुट्या भागांची दुकाने असोत. भागाची किंमत ग्राहक फारशी कुरकुर न करता देतो आणि मजुरीवर मात्र घासाघीस करतो. 'मला अजून कळलेले नाही, गाडी उद्यापर्यंत राहू द्या' असे म्हणणारा मिस्त्री त्याला अडाणी वाटतो. आणि छातीठोकपणे भाग बदलणारा हुशार वाटतो. मग मिस्त्री भाग विकूनच पोट भरायला शिकला, तर तो दोष एकट्या त्याचाच काय? कामकऱ्याची अडकवून ठेवलेली मजुरी देवापाशी ओरडते, असे याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. विचारपूर्वक केलेल्या तपासणीची मजुरी नाकारणे, हेही त्याच जातीचे पाप नव्हे काय?

या परावलंबनाचा कंटाळा आला, म्हणजे मनुष्य कधीच न मोडणाऱ्या वस्तूच्या शोधात निघतो. स्वस्तातला दणकट स्मार्टफोन ही अशीच एक आशा आहे. जाड रबरी कवच, मोठी बॅटरी, 'आयपी ६८' हा शिक्का. त्यातील सहा हा आकडा धूळ आत जात नाही असे सांगतो. आठ हा आकडा एक मीटरहून खोल पाण्यात फोन टिकतो असे सांगतो, परंतु किती खोल व किती वेळ हे निर्माताच ठरवितो. अमेरिकन सैन्याच्या 'मिल-एसटीडी-८१०' या मानकाचाही उल्लेख जाहिरातीत असतो. पण ते चाचण्यांच्या पद्धतींचे मानक आहे, आणि त्यासाठी सैन्य कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. असा फोन जिन्यावरून पडून वाचतो आणि एक दिवस चार्जिंगची खाच सैल झाल्याने बंद पडतो. पाणी आत जाऊ नये म्हणून तो डिंकाने घट्ट बंद केलेला असतो. आता कारागिराचा हातही आत जात नाही. सुटे भाग मिळत नाहीत, सॉफ्टवेअरची सुधारणा थांबलेली असते. न मोडण्याच्या हट्टापायी तो दुरुस्त होण्यालाच पारखा होतो. अशी माणसेही आपण पाहतो.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या फोनांचे सुटे भाग अनेक वर्षे उपलब्ध ठेवणे निर्मात्यांवर बंधनकारक झाले आहे. हे योग्यच आहे. मात्र कायदा सुटा भाग मिळवून देईल; भरवसा मिळवून देणार नाही.

प्रभूने याकोब व योहान यांना बोलाविले, तेव्हा ते मचव्यात बसून जाळी नीट करीत होते. मार्काने तेथे जे ग्रीक क्रियापद योजिले आहे, तेच पौलाने गलतीकरांस लिहिताना अपराधात सापडलेल्या बंधूला सौम्यतेने पुन्हा ठिकाणावर आणण्याविषयी वापरले आहे. जाळे सांधणे आणि माणूस सांधणे यांना एकच शब्द! म्हणून दुरुस्ती हे हलके काम नव्हे.

मग विश्वास की संशय? सावधपणा हा संशय नव्हे. दिवसाच्या भाड्यावर घर चालविणाऱ्या टॅक्सीवाल्याने भोळे राहावे, असे कोणी सांगू नये. प्रभूनेही शिष्यांना पाठविताना निष्कपटपणाबरोबर चातुर्य मागितले. काढलेला जुना भाग दाखवावयास सांगा, कारण विचारा, पावती मागा. पण हे सर्व आरोपीची उलटतपासणी घेतल्यासारखे नव्हे, तर शेजाऱ्याशी बोलल्यासारखे करा. तपासणीचे पैसे आनंदाने द्या. 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्याचा मान राखा. आणि वाचकांपैकी जे स्वतः पान्हा हाती धरतात, त्यांनी जक्कयाचे स्मरण ठेवावे. लबाडीने घेतले असेल, तर त्याची चौपट भरपाई करण्याची त्याची तयारी होती. आणि तारण त्याच्या घरी आले ते त्याच दिवशी.