मोडलेलें घर आणि पडलेला भाऊ

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र, अध्याय ६, ओवी १



अपराधांत सांपडलेल्या भावाचें मंडळीनें काय करावें, हा प्रश्न प्रेषित पौलानें या ओवींत घेतला आहे. त्यानें येथें जो मूळ ग्रीक शब्द घातला आहे, तोच शब्द जब्दीचे पुत्र आपलीं जाळीं नीट करीत होते त्या ठिकाणीं शुभवर्तमानांत आला आहे. फाटलेलें जाळें कोळी समुद्रांत फेंकून देत नाहीं, आणि तें धड आहे असें सोंगहि करीत नाहीं. तो तें मांडीवर घेऊन एकेक गांठ घालीत बसतो. भावाचेंहि असेंच करावयाचें आहे. परंतु दुरुस्ती म्हणजे काय व ती कशी करावी, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून आज आम्ही तुम्हांला दूर देशांतील एका जुन्या घराची हकीकत सांगतों.

लंडन शहराच्या आग्नेय बाजूस बेक्स्लीहीथ येथें तांबड्या विटांचें एक घर आहे. त्याला ‘रेड हाउस’, म्हणजे तांबडें घर, असेंच म्हणतात. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, १८५९ सालीं, विल्यम मॉरिस नांवाच्या तरुण कलावंतानें आपला मित्र फिलिप वेब याजकडून त्याचा नकाशा करून घेतला, आणि पुढच्या सालीं तो सपत्नीक तेथें राहावयास गेला. मित्रमंडळी येत, व भिंतींवर आणि लांकडी सामानावर हौसेनें चित्रें काढीत. परंतु १८६५ सालीं मॉरिसला तें घर सोडावें लागलें. पुढें तेथें अनेकांचे संसार झाले. हळूहळू कांहीं चित्रें रंगाखालीं गेलीं, कांहीं कागदाखालीं गेलीं, आणि निजण्याच्या खोलींतील एक भिंत मोठ्या कपाटाआड गेली. १९५२ सालीं टेड हॉलंबी नांवाच्या स्थापत्यविशारदानें सहकुटुंब तेथें बिऱ्हाड केलें, व त्या कुटुंबानें सुमारें पन्नास वर्षें घराची निगा राखिली. २००३ सालीं तें घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तु संभाळणाऱ्या संस्थेकडे आलें.

२०१३ सालीं त्या कपाटामागची भिंत कारागिरांनीं हातीं घेतली. पूर्वी तेथें कांहीं अंधुक आकृति तेवढ्या दिसत. कारागिरांनीं वरचे थर अगदीं जपून काढिले, तों भिंतीवर जवळजवळ माणसाएवढीं चित्रें प्रगट झालीं: आदाम व हव्वा, हातांत तारूं घेतलेला नोहा, राहेल, आणि शिडीजवळचा याकोब! त्या कारागिरांनीं हें चित्र काढिलें नव्हतें. चित्र तेथें होतेंच; त्यावरचें आच्छादन तेवढें त्यांनीं दूर केलें.

बंधूंनो, हा पहिला धडा. देवानें मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा केला, असें उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत आपण वाचतों. तें प्रतिरूप पापाखालीं झांकतें, मळतें, अंधुक होतें. परंतु पडलेल्या भावाकडे पाहतांना ‘यांत आतां कांहीं उरलें नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? जो कारागीर भिंतीवर चित्र आहे असें मानीत नाहीं, त्याच्या हातून ती भिंत खरवडली जाते.

दुसरा धडा चुन्याचा आहे, आणि तो त्या काळच्या बहुतेक विलायती घरांस लागू आहे. त्या घरांच्या विटा चुन्यांत बसविलेल्या असत. चुना म्हणजे काय, हें तुम्हांस सांगावयास नको. आपल्याकडील जुने वाडेहि चुन्याच्या बळावर उभे राहिले आहेत. चुनखडी भट्टींत भाजावी, पाण्यांत विरवावी, वाळूंत मळावी, आणि मग हवेच्या संगतीनें ती सावकाश पुन्हां दगडासारखी व्हावी, असा त्याचा क्रम आहे. तरी हा चुना सिमेंटापेक्षां मऊच राहतो. भिंत थोडी हलली तर तो थोडें सोसतो. भिंतींत ओल शिरली तर तिला सांध्यांतून बाहेर जाऊं देतो.

इंग्लंडांत १८२४ सालीं जोसेफ आस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटाची सनद घेतली. पुढें विसाव्या शतकांत पुष्कळ घरधन्यांस वाटलें कीं, मऊ चुन्यापेक्षां हें कठीण सिमेंट किती बरें! त्यांनीं जुने सांधे कोरून काढून त्यांत सिमेंट भरलें. भिंत वरून भक्कम दिसूं लागली. परंतु आंतली ओल सांध्यांतून निघेना; ती विटेंत कोंडली. हिंवाळ्यांत तिचें बर्फ झालें, बर्फ फुगलें, आणि विटांचे पापुद्रे सुटून पडूं लागले. सांधा टिकला, पण वीट गेली! म्हणून जाणते गवंडी सांगतात कीं, सांधा विटेपेक्षां मऊ असावा; झिजावयाचें तर त्यानें झिजावें, पण वीट राखावी.

पौलानें सौम्यतेवर एवढा भर कां दिला, हें आतां ध्यानांत येईल. समजा, एका गांवांत एक भाऊ दारूच्या नादीं लागला. मंडळीच्या वर्गणीचे पैसे त्याच्याजवळ होते, तेहि खर्च झाले. पंच जमले. सर्वांदेखत त्याचा पाणउतारा झाला, आणि त्याचें नांव वहींतून काढिलें. पुढच्या रविवारीं त्याची बायको लेंकरांस घेऊन दाराशीं बसली. त्याच्या पुढच्या रविवारीं तीहि आली नाहीं. नियम टिकला, पण कुटुंब गेलें. हें सिमेंटाचें काम झालें. ज्याला आपल्या मनांतली ओल कोठेंच बाहेर टाकतां येत नाहीं, तो आंतून फुटतो.

परंतु सौम्यता म्हणजे पांघरूण घालणें नव्हे. लेवीय पुस्तकाच्या चवदाव्या अध्यायांत, चट्टा पडलेल्या घराविषयींचा नियम आहे. याजकानें तें पाहावें, सात दिवस बंद ठेवावें, आणि पुन्हां येऊन पाहावें. चट्टा पसरला असेल तर बिघडलेले चिरे काढून टाकावे, आंतला गिलावा खरवडावा, व दुसरे चिरे बसवून नवा गिलावा करावा. पाहा, येथें घाई नाहीं आणि लपवालपवीहि नाहीं. ओल्या भिंतीवर नुसता रंग फांसणारा गवंडी घरधन्यास फसवितो. जाणता गवंडी आधीं ओलीचें मूळ शोधितो: पन्हळ तुंबली आहे काय? बाहेरची जमीन भिंतीस चढली आहे काय? त्या भावाचेंहि असेंच पाहावें. दारूच्या मागें कर्ज आहे काय? घरांत मृत्यु झाला आहे काय? मूळ सांपडेल तेथें उपाय करावा. आणि मंडळीचे पैसे त्यानें थोडे थोडे करून परत भरावे. तो बिघडलेला चिरा काढल्यावांचून भिंत नीट होणार नाहीं.

आणखी एक इशारा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या घरांत लांकडास जो रंग देत, त्यांत पुष्कळदां शिसें असे. तो जुना रंग कोरडाच घांसला तर त्याची धूळ घरभर उडते, आणि ती विषारी असते; लहान मुलांस तिची बाधा अधिक. म्हणून जाणते कारागीर तो कोरडा घांसीत नाहींत, आणि जेथें तो घट्ट बसला आहे तेथें त्याला उगाच छेडीतहि नाहींत. भावाचें जुनें पाप पाणवठ्यावर व चावडीवर उकरून काढणारे आपल्यांत थोडे नाहींत. त्यानें भाऊ सुधारत नाहीं. विष मात्र घरोघर जातें, आणि प्रथम लेंकरांस बाधतें. जें सांगावयाचें तें त्याला एकांतांत सांगावें. हा तर प्रभूचाच नियम आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत तो वाचावा.

या तांबड्या घराचा पहिला धनी जो मॉरिस, त्यानें पुढें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापिली. त्या काळीं जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या प्रार्थनामंदिरांच्या भिंती खरवडून, अनेक पिढ्यांचें काम फेंकून देऊन, सर्व नवें कोरें करण्याची चाल पडली होती. मॉरिसचें म्हणणें असें कीं, याला दुरुस्ती म्हणूं नये. हा नाश आहे. जेवढें कुजलें तेवढेंच काढावें, बाकीचें जपावें, आणि नवा जोड नवा म्हणून ओळखूं यावा. आम्हांस वाटतें, यांत उपदेशकांसाठीं मोठी शिकवण आहे. खिडकीची चौकट खालीं कुजली म्हणून सगळी खिडकी फोडूं नये. त्या भावाचा गोड गळा, आजाऱ्याच्या उशाशीं रात्र जागण्याची त्याची संवय, हें सर्व कुजलेलें नाहीं, तें जपावें. पण नव्या जोडावर एकदम भार देऊं नये. त्याला बांकावर जागा द्यावी, गाण्यांत घ्यावें. पैशाची थैली मात्र तूर्त दुसऱ्याच्या हातीं असावी. यांत त्याचा अपमान नाहीं. यांत त्याचें रक्षण आहे.

शेवटीं, त्याच ओवींत पौल दुरुस्ती करणाऱ्यासहि आपल्या स्वतःकडे पाहावयास सांगतो. घरें एका रात्रींत मोडत नाहींत. पन्हळींत पाला अडकतो, एक कौल सरकतें, थेंब थेंब पाणी मुरतें, आणि वर्षांनीं तुळई खचते. ज्या घरांत रोज कोणी वर पाहतें, त्याला मोठ्या दुरुस्तीची गरज क्वचितच पडते. उपदेशक बंधूंनो, आज आपण दुसऱ्याचें घर पाहावयास निघण्यापूर्वीं आपलें कौल जागेवर आहे काय, हें पाहूं या.

आणि मग निघूं या. तुमच्या गांवांत असें एक घर असेल कीं जेथून कोणी रविवारीं येत नाहीं, व तुम्हीहि जेथें जात नाहीं. या आठवड्यांत तेथें जा. पंचांस घेऊन जाऊं नका, एकटेच जा. बसा, पाणी मागा, आणि आधीं ऐकून घ्या. चुना घट्ट व्हावयास वेळ लागतो, तुम्हांसहि लागेल. ज्या प्रभूनें आमच्यासारखीं मोडलेलीं घरें फेंकून दिलीं नाहींत, तो तुमच्या हातांस तें मऊपण देवो. आमेन.