तीन पानांची वाटणी

गंगाखेड तालुक्यात एका विधवा शेतकरणीची दोन रानं होती. एक गोदावरीकाठचं काळं कसदार, दुसरं बालाघाटाच्या पायथ्याचं मुरमाड. थोरला मुलगा परभणीच्या मोंढ्यात वावरणारा. धाकटा रानात राबणारा. त्यांच्या पाठची बहीण शाळेत शिकत होती.

पहिल्या साली मायनं सगळा कारभार थोरल्याच्या हाती दिला. त्यानं परभणीत बसून दोन्ही रानांत कापूस लावायला सांगितला. धाकटा म्हणाला, “दादा, मुरमाडात ओल टिकत नाही. तिथं बाजरी घेऊ.” दादानं ऐकलं नाही. श्रावणात पावसानं ओढ दिली आणि मुरमाडातला कापूस वाळून गेला.

दुसऱ्या साली मायनं एकेकाला एकेक रान तोडून दिलं. मग कोणी कोणाला विचारीना. बाजाराची माहिती नसल्यानं धाकट्याचा माल पडेल भावात गेला. जाणत्या हाताविना थोरल्याचं रान तणानं भरलं. बहिणीच्या फीवरून “तू भर, तू भर” होता होता तिची शाळा सुटायची वेळ आली.

तिसऱ्या साली मायनं वहीत तीन पानं लिहून घेतली. पहिल्यावर थोरल्याची कामं : बाजार, बँक, शेजाऱ्याशी बांधाचा तंटा. दुसऱ्यावर धाकट्याची : पेरणी, पाणी, गुरं. तिसऱ्यावर दोघांचं : बहिणीचं शिक्षण, त्यात मतं जुळली नाहीत तर थोरल्याचा शब्द. ती म्हणाली, “आपल्या पानावरचं काम टाळायचं नाही अन् दुसऱ्याच्या पानात हात घालायचा नाही. भांडण झालं तर वही उघडायची. कुणाचा आवाज मोठा ते पाहायचं नाही.”

त्या साली मुरमाडात बाजरी पिकली, कापसाला चांगला भाव मिळाला आणि मुलगी पुढच्या वर्गात गेली.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतही अशाच तीन सूची आहेत. संरक्षण, चलन, रेल्वे केंद्राकडे. शेती, पोलीस, सार्वजनिक आरोग्य राज्याकडे. वने आणि शिक्षण दोघांकडे, म्हणजे समवर्ती सूचीत. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं तिच्यात आलं. या सूचीत केंद्र आणि राज्याचे कायदे एकमेकांविरुद्ध गेले, तर सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा चालतो. पाणी राज्याचं, पण गोदावरी परभणी-नांदेड ओलांडून तेलंगणात जाते. म्हणून तिच्या पाण्यावरून राज्याराज्यांत तंटा झाला, तेव्हा केंद्रानं लवाद नेमला. त्याचा अंतिम निवाडा १९८० साली आला.

तात्पर्य : सगळी सत्ता एका हाती गेली तर रानाची हाक ऐकू जात नाही आणि सगळी तुटली तर सामाईक काम पोरकं होतं. अधिकारांची वाटणी ही जबाबदारीची वाटणी आहे, अंग काढून घेण्याची वाट नव्हे. म्हणून कालव्याला पाणी आलं नाही तर राज्याला विचारा, रेल्वेचं काम अडलं तर केंद्राला विचारा आणि मुलांच्या शिक्षणाचा जाब दोघांनाही विचारा.