कागदावरचे दर्शन

छापलेल्या प्रतिमेचा मान मूळ वस्तूइतका धरायचा की तिला निव्वळ नक्कल मानायचे, हा कलाविषयक नियतकालिकाचा जन्मापासूनचा पेच आहे. अशा अंकाचा सगळा संसारच प्रतिकृतींवर चालतो. चित्र असते गॅलरीत, शिल्प असते देवळात. अंकात असतो शाईचा थर. मूर्तिपूजक समाजात हा पेच सौंदर्यशास्त्रापुरता राहत नाही. लग्नपत्रिका रद्दीत घालण्यापूर्वी तिच्यावरचा गणपती कात्रीने कापून बाजूला ठेवणारी माणसे घरोघरी असतात. त्यांना हा प्रश्न पडलेला असतो, फक्त त्यांनी तो तसा मांडलेला नसतो.

अंबरनाथच्या शिवमंदिराची गोष्ट इथे उपयोगी पडते. वालधुनी नदीकाठच्या या देवळात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा. राजाचे नाव राहिले, छिन्नी चालवणाऱ्यांची गेली. १८६८ साली मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी इथे मापे घ्यायला, रेखाटने करायला आणि प्लास्टरचे साचे काढायला आले. जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात १८७४ साली हे देऊळ सचित्र छापून आले. दगडाला कागदावर आणण्याचा या परिसरातला हा आरंभीचा मोठा उद्योग.

त्यात कागदावर काय आले, हे पाहण्यासारखे आहे. बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी, शिवाची नाना रूपे, थरांवर थर चढवलेली नक्षी हे सगळे रेखाटता येण्याजोगे होते. पण यातल्या कितीतरी मूर्ती झिजलेल्या, हात-नाक तुटलेल्या, म्हणजे रूढीप्रमाणे खंडित. त्यांची पूजा होत नाही. पूजा होते ती गाभाऱ्यात. हा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून अंधारात जावे लागते, आणि तिथल्या लिंगावर चित्रकाराने रेखाटावे असे काही नाही. जे चित्रात उतरते ते पुजले जात नाही आणि जे पुजले जाते ते चित्रात उतरत नाही. पायऱ्या उतरताना पावलांना लागणारा गारवा तर कुठल्याच छपाईत येत नाही.

यावरून प्रतिमा आणि देव यांची कायमची फारकत झाली असे म्हणावे, तर शास्त्र आड येते. भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत: पाषाणाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. रेखाटलेली, म्हणजे लेख्य प्रतिमा, या पंक्तीत बाकीच्यांच्या बरोबरीने बसली आहे. याच स्कंधावर एकनाथांनी मराठी टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत पूर्ण केली. त्यामुळे हा विचार महाराष्ट्रात पोथीबंद राहिला नाही. त्याच अध्यायात एक अगदी घरगुती वाटावी अशी सूचना आहे. धातूच्या किंवा दगडाच्या मूर्तीला स्नान घालावे. लेपाच्या व रेखाटलेल्या प्रतिमेला मात्र फक्त पुसून घ्यावे. पाण्याने रंग जाईल, एवढे भान शास्त्रकाराला होते.

शास्त्रातली लेख्य प्रतिमा हाताने काढलेली, एकुलती एक. छापखान्याने तिच्या हजारो केल्या. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे चौकटीत बसून देवघरात गेली. वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३६ मध्ये छापलेल्या निबंधात म्हटले की यांत्रिक प्रतिकृतीमुळे मूळ कलाकृतीचे तेजोवलय मावळते. इथे घडले ते जवळजवळ उलटे. ज्यांना देवळाचा उंबरठा बंद होता त्यांच्याही भिंतीवर तसबीर आली, कारण तसबीर विकणारा जात विचारत नव्हता. तेज प्रतीत नसून तिच्यापुढे रोज लागणाऱ्या उदबत्तीत आहे, असे मानणाऱ्या समाजाला बेन्यामिनची चिंता फारशी कळणार नाही.

अंबरनाथशेजारच्या उल्हासनगरात छापील कागदाचा हा मान आणखी पुढे गेलेला दिसतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लोक कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले. १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले, तरी तिचे भाग आजही कॅम्प नंबरानेच ओळखले जातात. नानकपंथी सिंध्यांच्या दरबारांत आणि टिकाण्यांत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळांत, गुरू ग्रंथसाहिब ठेवण्याची परंपरा आहे. आज तो छापील असतो, १४३० पानांचा. पहाटे तो उघडतात, रात्री वस्त्रांत गुंडाळून निजवतात. छापील प्रत म्हणून तिचा मान उणा होत नाही. प्रत्येक प्रत पूर्ण गुरू. जीर्ण झाल्यावर तिला रद्दी नव्हे, अग्नी मिळतो. मूर्ती न मानणाऱ्या परंपरेने छापील कागदाला दिलेला मान मूर्तिपूजकांच्या तसबिरीहून मोठा आहे, ही गंमत लक्षात घेण्याजोगी.

कलेच्या नियतकालिकाला यांतले काहीच मिळत नाही. चित्रकार-पत्रकार सतीश नाईक यांनी १९८७ मध्ये ‘चिन्ह’ हा स्वतंत्र मराठी कला-अंक काढला. पाठीशी मोठे वृत्तपत्र किंवा संस्था नसताना गायतोंडे यांच्यासारख्या अबोल चित्रकारावर त्याने पानेच्या पाने खर्च केली. ‘नग्नता: चित्रातली आणि मनातली’ असाही त्याचा एक विशेषांक आहे, आणि या विषयाला विशेषांक लागावा यातच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. देवळाच्या भिंतीवरची सुरसुंदरी शतकानुशतके उघडी उभी आहे. तिच्यासमोरून बायकामुले दर्शनाला जातात. तीच पानावर आली की भुवया उंचावतात. भिंत तिला स्थान देते, पान ते देऊ शकत नाही. पान उचलून कुठेही नेता येते, आणि नेणाऱ्याच्या मनाची जबाबदारी पानावर येऊन पडते.

तरी छापील अंकाला लोक निव्वळ कागद समजतात असेही नाही. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथा’ या प्रस्थापित वाङ्मयीन मासिकाचा अंक जाळला. निर्जीव कागद कोणी समारंभाने जाळत नाही. जाळणाऱ्यांनीही त्या अंकाला, विरोधभक्तीने का होईना, एक स्थान दिले होते.

अंबरनाथजवळच्याच बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेल्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयात जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिके जमवलेली आहेत. असा संग्रह देऊळ नव्हे. तिथे आवाहन नाही, विसर्जनही नाही. पण जुन्या अंकाचा कागद पिवळा पडून कडांना तुटू लागतो आणि रंगीत चित्राचे पान चिकटपट्टीने सांधले तर आणखी बिघडते, तेव्हा तो कसा हाताळायचा याचे नियम आपोआप तयार होतात. हात कोरडे हवेत, पान वरच्या कोपऱ्याने उलटायचे, आणि धूळ बसली तर ओले फडके न लावता मऊ कोरड्या कापडाने पुसून घ्यायची.