क्षमेचा अधिकार कोणाचा?

जुलमी सत्ता गेल्यानंतर दोन मते पुढे येतात. अपराध्यांना दंड करावा, हे एक. झाले गेले विसरून सर्वांनी एक व्हावे, हे दुसरे. या वादात ज्याने सोसले, त्याला मात्र कोणी विचारीत नाही.

आणीबाणीचेच उदाहरण घ्या. १९७५ साली जयपूरच्या राजमाता गायत्रीदेवींना तिहारच्या कारागृहात ठेवले, हे सर्वश्रुत आहे. १९७७ साली नेमलेल्या न्यायमूर्ती शहा आयोगाने एक लक्षाहून अधिक लोकांच्या अटकेची नोंद केली. १९७६-७७ या एका वर्षात ८१ लक्षांवर नसबंदी-शस्त्रक्रिया झाल्याचे व त्यासाठी ठिकठिकाणी बळजबरी झाल्याचेही दाखविले. १९७९ साली विशेष न्यायालयांचा कायदा झाला. १९८० साली सत्ता पालटली आणि खटले तडीस गेले नाहीत. पुढे राजस्थान सरकारने तुरुंगवास भोगलेल्यांना मानधन दिले. २०१९ साली ते बंद झाले, २०२४ साली पुन्हा सुरू झाले. सन्मानही असा सत्तेच्या मर्जीवर राहिला. आणि बळजबरीने ज्यांची नसबंदी झाली, त्या अनाम गृहस्थांच्या दारी कोण गेले?

गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीचा क्रम येथे मननीय आहे. आरंभी अभय, नंतर सत्य, मग अक्रोध. क्षमा त्यानंतर, तीही तेजाच्या पाठोपाठ. भ्यालेल्याचे मौन म्हणजे क्षमा नव्हे, आणि सत्य उच्चारले जाण्यापूर्वी मागितलेली क्षमा ही दुसरी बळजबरीच होय. धर्मशास्त्रानेही पापनिष्कृतीत ख्यापन, म्हणजे स्वमुखाने पाप सांगणे, आवश्यक मानले. अनुताप त्याच्या जोडीला ठेवला. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाने १९९६ पासून पीडितांच्या साक्षी जाहीरपणे ऐकल्या, आणि संपूर्ण सत्यकथन केल्यास माफीची वाट ठेवली. परंतु अनुतापाची अट घातली नाही. तेथे ख्यापन होते, प्रायश्चित्त पुरे नव्हते.

राज्यास जुने वैर कधीतरी मिटवावेच लागते, हे खरे. परंतु राज्य दंड सोडू शकते. क्षमा करू शकत नाही. ती ज्याची जखम त्याचीच. राज्याचे कर्तव्य एवढेच की त्याचे म्हणणे निर्भयपणे मांडले जावे, त्याची नोंद राहावी, आणि हानीची भरपाई कोणाच्या मर्जीवर राहू नये.

वाचकहो, हाच नियम घरातही लागू आहे. दुखावलेल्या सुनेस वा धाकट्या भावास 'आता विसरून जा' असे सांगण्यापूर्वी, त्याचे बोलणे आपण एकदा तरी पूर्ण ऐकले आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.