मोडलेलं हाड जुळल्यावर



"आता बास की. झालं तेवढं फिरणं पुरे." पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं हाड मोडून जुळलं की घरातून हे वाक्य ठरलेलं. म्हणणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. पण तेवढ्यात मोबाईलवर दुसरा मेसेज येतो. कुणीतरी पाय नसताना हिमालय चढलं, मग तुम्ही का नाही? एक आवाज म्हणतो बस, दुसरा म्हणतो ऊठ. बरं झालेल्या माणसानं कुणाचं ऐकायचं, यावर आम्ही मंडळातल्या बायका गेले काही सोमवार जपानंतर बोलतो आहोत. त्यातलं थोडं इथं लिहितो.

मेसेजमधला फोटो बहुतेक वेळा अरुणिमा सिन्हा यांचा असतो. राष्ट्रीय पातळीवर व्हॉलीबॉल खेळलेली ही मुलगी. एप्रिल 2011 मध्ये चालत्या रेल्वेत गळ्यातली साखळी ओढणाऱ्यांशी तिनं झुंज दिली, त्यांनी तिला खाली ढकललं आणि एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढं तिनं बचेंद्री पाल यांच्याकडं प्रशिक्षण घेतलं आणि 21 मे 2013 ला कृत्रिम पायानं एव्हरेस्टचं शिखर गाठलं. ऐकताना अंगावर काटा येतो. मेसेज इथंच संपतो. पण तिनं स्वतः पुढचंही सांगितलं आहे. वर जाताना प्राणवायू कमी पडायला लागला, तेव्हा सोबतचा शेर्पा मागं फीर म्हणत होता. ती फिरली नाही.

आमची चर्चा इथं अडली. तिच्या धैर्याला आमचा नमस्कारच आहे. पण त्या शेर्पाचं काय? त्याचाही जीव त्याच दोरावर होता, त्याच्याही घरी वाट बघणारं कुणीतरी असेल. शिखर गाठलं म्हणून तो निर्णय बरोबर ठरला, की निर्णय आधीच बरोबर होता? दोघीतिघींनी "एवढा विचार केला तर कुणी काहीच करणार नाही" म्हणून विषय उडवला. आम्हाला मात्र तो उडवावासा वाटत नाही. एकट्यानं कुणीच चढत नाही. हिमालयातच कशाला, घरातल्या जिन्यावरसुद्धा नाही.

आमच्यातल्या एका ताईंचा घोटा मागच्या पावसाळ्यात शेवाळावरून घसरून मोडला. तीन महिने सून पहाटे उठून गोठा बघत होती. मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावला (शिट्ट्या मोजायला शेजारची मुलगी यायची). मुलानं सुट्ट्या काढल्या. आता त्या ताई डोंगर चढायचं म्हणतात, तेव्हा या सगळ्यांना काहीच विचारायचं नाही का? विचारायला हवं, असं आमचं मत आहे. त्यांचे ते तीन महिने त्या घोट्यात आहेत.

पण विचारणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. आमच्याच गावात तरण्या पोरांचे मोटरसायकलवरून पडून पाय मोडतात. प्लास्टर निघालं की आठवड्यात पोरगं परत गाडीवर. त्याला कुणी म्हणत नाही, "आता बास की." त्याची सेवाही घरातल्या बायकांनीच केलेली असते. मग सेवेचं ऋण फक्त बाईच्याच पायात बेडी होऊन का पडतं? हे घरोघरी एकदा विचारून बघावं. उत्तर देताना माणसं गडबडतात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे, म्हणजे धरून ठेवण्याच्या शक्तीचे, तीन प्रकार येतात. तामसी धृतीत काय काय धरून ठेवलं जातं याची तिथं यादी आहे. झोप, भय, शोक, विषाद आणि मद. आम्ही कितीदा तरी हे पारायणात वाचलंय, पण यंदा ते वेगळं लागलं. भय आणि मद एकाच गाठोड्यात! पुन्हा पडेन म्हणून पाऊलच न टाकणारी, आणि मला काही होत नाही म्हणून काठी न घेणारी, या दोघी एकमेकींच्या उलट आहेत असं आपल्याला वाटतं. तिथं त्या शेजारी बसल्या आहेत. दोघींनीही पायाकडं बघायचं सोडलंय. एकीला फक्त पडणं दिसतं, दुसरीला फक्त शिखर.

पायाकडं बघायचं म्हणजे काय, तर हाड जुळलं म्हणून पाय बरा झाला असं नसतं. प्लास्टरमध्ये स्नायू झिजतात, मांडी बारीक होते. तोल सांभाळायची घोट्याची जाण मंदावते, ती व्यायामानंच परत येते. त्यात पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं लवकर ठिसूळ होतात. आणि चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड. चढताना दम लागतो म्हणून आपण थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबत नाही आणि तिथंच पाय दगा देतो. फिजिओथेरपीवाले पायऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट शिकवतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी काठी दुखऱ्या बाजूलाच धरली होती.

आणि ज्यांना परत चढताच येणार नाही त्यांचं? मेजर एच. पी. एस. अहलुवालिया 29 मे 1965 ला एव्हरेस्टवर उभे होते. त्याच वर्षीच्या पाकिस्तान युद्धाच्या सुमारास काश्मीरमध्ये त्यांना गोळी लागली, मणक्याला इजा झाली आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. जगातल्या सगळ्यात उंच जागेवरून थेट खुर्चीत, तेही काही महिन्यांत. त्यांनी पुढं दिल्लीत मणक्याच्या दुखापतींसाठी मोठं रुग्णालय उभं केलं, आणि 1994 मध्ये मध्य आशियातून रेशीम मार्गावर मोहीमही नेली. प्रवास सोडला नाही, पायांचा हट्ट सोडला.

आपले बाबा आमटेही तसेच. पाठीच्या दुखण्यानं त्यांना बसता येत नसे, एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. अशा अवस्थेत सत्तरी ओलांडल्यावर, डिसेंबर 1985 मध्ये, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडं भारत जोडो यात्रेला निघाले. सोबत शंभराहून जास्त तरुण सायकलवर, आणि बाबा गाडीत आडवे. 1988 मध्ये पुन्हा, इटानगर ते ओखा. आडवं पडून देश बघणाऱ्याला अपंग म्हणायचं की यात्रेकरू, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आम्हाला मात्र मेसेजमध्ये हा फोटो कुणी पाठवत नाही याचं नवल वाटतं.

आता श्रावणाचं. हद्दीपलीकडं देवरवाडीच्या वैजनाथाला यंदाही जायचं आहे, तिथून महिपाळगड. गडावर गाव वसलेलं आहे. तिथल्या म्हाताऱ्यांना चढउतार हा पराक्रम नाही, रोजचं जगणं आहे. त्यामुळं आपण धापा टाकत पोचलो की कुणी टाळ्या वाजवत नाही, पाणी देतात.

ज्यांना चालायचं आहे त्यांनी आतापासून रोज राकसकोपच्या रस्त्यावर सपाटीला चालायला यावं, पहाटे साडेपाचला. एका पायावर तीस मोजेपर्यंत उभं राहता येतं का, ते भिंतीजवळ उभं राहून घरी बघावं. त्या दिवशी पाऊस लागला तर सगळ्याच गाडीनं वर जाऊ, धडधाकट असलेल्यासुद्धा. मागं फिरायचं कुणा एकीनं म्हटलं तर दोघी तिच्यासोबत फिरतील, कारण विचारायचं नाही. गुडघ्याची वाटी मोडलेल्या वहिनी गाडीनंच येणार आहेत, चहाचा थर्मास आणि उकडलेली रताळी त्यांच्याकडं. घोटावाल्या ताईंचं अजून ठरलेलं नाही. त्यांच्या घरी बोलणं चालू आहे, आणि सून म्हणते, "आत्या चढणार असतील तर मीपण येते."