डोंगर मरतो की मारला जातो?

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास अरवलीच्या टेकड्या आहेत. हिमालयाहून कितीतरी जुनी, झिजून बुटकी झालेली ही रांग. दगडासाठी तिचे लचके तोडले गेले. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुग्राम, फरिदाबाद आणि मेवात या जिल्ह्यांत अरवलीतलं खाणकाम थांबवलं, तोवर अनेक ठिकाणी टेकडीच्या जागी खड्डा आणि खड्ड्यात साचलेलं पाणी उरलं होतं. चित्रकाराला मोह पडावा असं हे दृश्य आहे. पण त्याला नश्वरतेचं प्रतीक म्हणावं का?

आजवर निसर्गचित्रात मृत्यू आला तो माणसाचा. निकोला पूसँच्या १६३७-३८च्या सुमाराच्या प्रसिद्ध चित्रात मेंढपाळ थडग्यावरची अक्षरं लावताहेत. मागे झाडं आणि डोंगर निवांत आहेत. आपल्या गावोगावच्या वीरगळांवरही तळाशी धारातीर्थी पडलेला वीर असतो आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले. दोन्हीकडे एकच भरवसा आहे : माणूस जाईल, निसर्ग साक्षीला राहील. अरवलीत तो साक्षीदारच नाहीसा झाला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते यांच्या कामात हा बदल स्पष्ट दिसतो. खाणपट्ट्यातल्या कुटुंबात १९८६मध्ये जन्मलेला हा चित्रकार कोळशाने रेखाटतो, पुष्कळदा थेट भिंतीवर. उकरलेली जमीन, डोक्याच्या जागी अवजार किंवा दिवा असलेली माणसं. मराठीत लोणारी कोळसा आणि दगडी कोळसा, दोन्ही ‘कोळसा’च. एक जळलेलं लाकूड, दुसरा कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं रान. त्यामुळे इथे कवटी काढावी लागत नाही. रेघ ज्याने ओढली तो पदार्थच मेलेला आहे. आणि प्रदर्शन संपल्यावर भिंत पुन्हा रंगवली, की रेघही जाते.

मात्र या चित्रांचं मोल केवळ नश्वरतेच्या जाणिवेत नाही. त्यांत राबणारी शरीरं आहेत, अवजारं आहेत. म्हणजे जमीन कशी गेली याचा माग आहे. हा माग पुसून फक्त उदास, सुंदर खड्डा काढला तर काय होतं? ‘सगळंच जाणार’ हे खरं वाक्य चुकीच्या जागी वापरलं जातं. वाऱ्यापावसाने अरवली झिजली, ते तिचं मरण. सुरुंग लावून ती फोडली, ते मारणं. पहिल्यापुढे नम्र व्हावं. दुसऱ्याचा जाब विचारावा. दोन्हींना एकच कवटी चिकटवणारं चित्र अपराधाला नियतीचं नाव देतं, आणि पाहणाऱ्याला स्वस्तात हळवं होऊ देतं.

यावर कोणी म्हणेल, चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. खरंच आहे. गुन्हेगाराचं नाव लिहिणं हे चित्राचं काम नाही. पण सुरुंगाची खूण मिटवू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. कारण अरवलीचा दगड खडी होऊन रस्त्यांत, इमारतींत गेला. ज्या भिंतीवर आपण खड्ड्याचं चित्र टांगतो, त्या भिंतीच्या काँक्रीटमध्येही एखाद्या टेकडीचा तुकडा असू शकतो. चित्राने त्या भिंतीचाही विसर पडू देऊ नये.